अकराव्या मिनिटाची ढाक

गाव सोडलं त्या सकाळी आई मला पुढच्या दारानं बाहेर पडू देईना. पुढच्या दारानं एसटीच्या थांब्यावर जायला सहा मिनिटं लागतात, पण वाटेत हौसाकाकीचं घर लागतं. आई म्हणाली, "मळ्याकडनं जाऊ. तिनं इचारलं, कुठं निघालास, तर काय सांगणार हाईस?" म्हणून आम्ही मळ्याच्या वाटेनं वीस मिनिटं चाललो. वडील पुढे, मी मध्ये, आई मागे. माझी पिशवी गाडीत चढवताना वडील एवढंच म्हणाले, "वजन कमी कर. तिकडं तुझ्या मापाचं कुणी रांधणार न्हाई."

माझं वजन तेव्हा शहाण्णव किलो होतं आणि वय चोवीस. हौसाकाकीचा मुलगा विलास जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

तुमच्यापैकी जे गावात आहेत त्यांना ही गोष्ट माहीत आहे. जे माझ्यासारखे गलाईच्या धंद्यात बाहेर पडले आणि कोइमतूर, कटक, अमृतसर अशा गावी जाऊन बसले, त्यांनीही ती ऐकली आहे. पण ती पूर्ण कुणालाच माहीत नाही, कारण तिचा एक भाग मी सांगितला नव्हता. आता तो सांगायला मी मोकळा आहे. कसा मोकळा झालो तेही लिहितो.

मिरजेहून बेंगळुरू आणि तिथून तंजावर, मधला थांबा धरून एकतीस तास लागले. नामदेवमामा स्टेशनवर घ्यायला आला होता. राजवाड्याच्या बाजूच्या एका गल्लीत त्याचं गलाईचं दुकान होतं, दहा फूट बाय चौदा फूट. सोनारांकडून मोड आणि दुकानातला केर यायचा. तो भट्टीत गाळायचा, तेजाबात शुद्ध करायचा, आणि निघालेलं सोनं मुशीत वितळवून परत द्यायचं. मामानं पहिल्या दिवशी मला काट्यासमोर बसवलं. काटा काचेच्या पेटीत होता, कारण पंख्याच्या वाऱ्यानंही आकडा हलायचा. मामा म्हणाला, "श्वास तिकडं सोड." मला ते काम लगेच आवडलं. महिन्यापूर्वीपर्यंत मी माणसं उचलत होतो आणि आता मिलिग्रॅम मोजत होतो. मिलिग्रॅमला मान नसते, असं मला तेव्हा वाटल्याचं आठवतं.

आमच्या घरमालकीण सीताबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इथे आले ते इथेच राहिले. त्या घरात मराठी बोलतात, पण ती मराठी तमिळ अक्षरांत लिहितात, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेविलां कां?" मी तोंडाकडे बघत राहिलो. इतकं जुनं मराठी मी जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांना माझंही बोलणं निम्मंच कळायचं. मग आम्ही दोघं तमिळकडे वळलो. मी तमिळ आकड्यांपासून शिकलो, कारण धंद्यात तेच आधी लागतात. वर्षभरात मी ठीक बोलू लागलो. तिसऱ्या वर्षी माझं वजन चौऱ्याहत्तर झालं. मी पैलवान होतो हे इथे मामाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निघताना आईनं तसं बजावलंच होतं: "तिकडं पैलवान म्हणून सांगू नगंस. लोक कुस्ती इचारत्यात, मग पुढचं बी इचारत्यात."

आता कुस्तीबद्दल लिहितो.

विलास आणि मी एका तालमीतले. अकरा वर्षं एका हौद्यात खेळलो. रोज पहाटे पाचशे जोर आणि हजार बैठका, मोजायचं काम माझ्याकडे, कारण विलास मोजताना आकडे गाळायचा. दोघांचीही घरं कुस्तीवर चालायची. यात्रांच्या हंगामात आम्ही महिन्याला सात-आठ मैदानं करायचो, सांगली, सोलापूर आणि पलीकडे बेळगावपर्यंत. एका तालमीतल्या दोघांनी मैदानात एकमेकांशी लढायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. त्याला कारण आहे. रोज ज्याच्याबरोबर खेळतो त्याच्याशी माणूस खरं लढत नाही, आणि लढला तर फार खरं लढतो. हे वस्तादांचे शब्द आहेत, माझे नाहीत.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या यात्रेत मैदानातली शेवटची, मोठी कुस्ती विलासची होती. त्याच्यासमोरचा पैलवान गुडघा दुखावल्यामुळे आलाच नाही. मैदानात सात-आठ हजार माणूस. मी तिथे साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसलो होतो, आणि यात्रा कमिटीची माणसं, तू उतर म्हणून माझ्या हातापाया पडू लागली. वस्ताद त्या दिवशी आले नव्हते. ते असते तर त्यांनी होऊ दिलं नसतं. मी विलासकडे बघितलं. त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "उतर. पंधरा मिनिटं उभं ऱ्हाऊ. निकाल न्हाई लागला की पंच बरोबरीत सोडवत्यात. तू बी घरी, मी बी घरी." मी हो म्हणालो.

म्हणजे कुस्ती ठरलेली होती. आपण जिला नुरा म्हणतो ती. हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पंच दर पाच मिनिटांनी वेळ पुकारत होते. पहिली पाच मिनिटं लोकांनी ऐकून घेतलं. आठव्या-नवव्या मिनिटाला कुरकुर सुरू झाली. "दहा झाली!" असं पंचांनी पुकारलं आणि उसाच्या ट्रॉलीवर उभा असलेला आपल्या गावचा एक माणूस ओरडला, "एका ताटातली हाईत दोघं! नुरा हाय ही! सोडा ह्यांना, घरी जाऊन जेवू द्या!" लोक हसले. हलगीवाल्यानंही हलगी थांबवली आणि तोही हसला.

मला ते हसणं सहन झालं नाही. मी स्वतःला हिशेबी आणि सरळ माणूस समजत होतो, आणि माझ्याबद्दल जे ओरडलं गेलं ते खरं होतं. ते खोटं असतं तर मी हसलो असतो. त्या क्षणी मी ठरवलं की ते खोटं करून दाखवायचं. विलासचे हात सैल होते, कारण त्याच्या हिशेबानं अजून चार मिनिटं बाकी होती. मी खाली गेलो आणि ढाक मारली. विलास माझ्या पाठीवरून गेला आणि मानेवर पडला. ते अकरावं मिनिट होतं.

लोकांनी टोप्या उडवल्या. विलास उठला नाही. मी त्याच्याजवळ बसलो. काही वेळ तो बोलत होता. मग त्याला मिरजेला नेलं आणि चौथ्या दिवशी तो गेला.

गावानं मला कधी दोष दिला नाही. कुस्तीत असं होतं, असंच सगळे म्हणाले. दोष दिला तो ट्रॉलीवर ओरडणाऱ्याला. "तुझ्या तोंडानं पोरगं गेलं," असं त्याला चहाच्या टपरीवर ऐकवलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हाही मी गप्प राहिलो, आणि एकोणिसाव्या दिवशी गाडीत बसलो.

बावीस वर्षांत मी गावी पाच वेळा आलो. एकदा लग्नाला, दोनदा वडिलांसाठी, दोनदा आईसाठी. एकदाही तीन दिवसांच्या वर राहिलो नाही. काकी समोर आली तर मी खाली बघून बाजूनं जायचो. ती काही बोलायची नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या मनानं लावला होता.

इथलं सगळं नीट चाललं होतं. मामा म्हातारा झाल्यावर दुकान माझ्याकडे आलं. बायको सुनंदा आपल्याच तालुक्यातली. तिला अपघात माहीत होता, ठरलेलं माहीत नव्हतं. मुलगी गायत्री इथल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ती मला अप्पा म्हणते, माझ्याशी मराठीत सुरू करते आणि तमिळमध्ये संपवते. माझा उजवा कान मोडलेला आहे, पैलवानाचा असतो तसा. तो कसा मोडला असं तिनं लहानपणी विचारलं होतं, तेव्हा मी झाडावरून पडलो असं सांगितलं होतं.

यंदा पोंगलनंतर गावाहून फोन आला की, दक्षिण यात्रेची बस निघते आहे, सेहेचाळीस माणसं. तंजावरात एक दिवस मुक्काम, मग रामेश्वर, कन्याकुमारी, मदुरा आणि परत. तुम्हाला आपली पद्धत माहीत आहे. गावची बस आली की त्या शहरातल्या गलाईवाल्यांनी सगळ्यांना घरी जेवायला न्यायचं. देऊळ नंतर, आधी जेवण. इथे आमची एकोणीस घरं. कोणत्या घरी किती माणसं, त्यात कुणाला भाकरी लागते, कुणाला साखरेचा आजार, ही यादी दर वेळी मीच करतो. बसमधल्या लोकांची नावं फोनवर आली. तेविसावं नाव होतं हौसाबाई, वय चौऱ्याहत्तर.

मी माझ्या घरी सहाजण घेतले आणि तेविसावं नाव माझ्या घरापासून सगळ्यांत लांब, नव्या वसाहतीतल्या घराच्या यादीत घातलं. मधलं अंतर चार किलोमीटर. सुनंदानं यादी बघितली आणि ती म्हणाली, "शेजारच्या काकी पाव्हण्यासारख्या लांब टाकल्यात व्हय?" मी म्हणालो, त्या घरी ज्वारीचं पीठ आहे. पीठ आमच्याकडेही होतं, हे तिला माहीत होतं.

बस आली त्या दिवशी अकरा वाजता आमच्याकडचे सहाजण ओसरीवर बसले होते. दारात ऑटो थांबला आणि ऑटोवाला मोठ्यानं तमिळमध्ये जास्तीचं भाडं मागू लागला. गायत्री बाहेर गेली. ती त्याला म्हणाली, "अण्णा, त्या म्हाताऱ्या आहेत, ओरडू नका." ऑटोतून हौसाकाकी उतरली. लुगडं तेच, नऊवारी. चेहरा बारीक झालेला. ती ओसरीवर आली, कुणाकडे न बघता सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"माझं नाव त्या लांबच्या घरात कुणी घातलं रं?"

मी म्हणालो, "मी."

"मला वाटलंच. बस तुझ्या दारावरनं गेली आन् मला पुढं चार मैल न्हेलं. त्या बाईनं ताट वाढलं, म्या म्हटलं, असू दे बाई, झाकून ठेव. आमच्या पोराचं घर हाय हितं." मग तिनं सुनंदाकडे बघितलं. "ह्यो वाळलाय केवढा गं! काय घालतीस का न्हाई?"

सगळे हसले. मला हसायला आलं नाही. मी तिला आत नेलं. सुनंदा इतरांना वाढत होती. मागच्या खोलीत काकी पलंगावर बसली आणि मी खाली. दार अर्धं उघडं होतं. मी ठरवलं की हिनं काही बोलायच्या आधी सांगून टाकायचं. मी सांगितलं: कुस्ती पंधरा मिनिटांची ठरली होती, बरोबरीत सोडवायची ठरली होती, आणि मी अकराव्या मिनिटाला शब्द मोडला. त्याला सावध न करता मोडला. एवढ्या चार वाक्यांना बावीस वर्षं लागली आणि सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

काकी पायाचा अंगठा चोळत होती. मग म्हणाली, "ठरल्यालं मला ठावं हाय."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"सकाळीच म्हणाला मला. आई, समोरचा पैलवान येत न्हाई म्हणत्यात. तुझं नाव घेऊन म्हणाला, त्यालाच उतरवतो, पंधरा मिनिटं उभं ऱ्हायचं आन् सुटायचं. मान धरली हुती त्याची. आठ दिस आधी, त्या पलूसकडच्या मैदानात. उजवीकडं वळत नव्हती. म्या रोज विटकर तापवून शेकली. त्या दिवशी बी शेकली. म्या म्हटलं, जाऊ नगंस. तर म्हणाला, एवढी एक. आन् तुला सांगू नगं म्हणाला."

"मला का नको?"

"तू उतरला नसतास. दुसऱ्या कुणी उतरून मान मोडली असती. तू हाईस म्हणून त्याला भ्या नव्हतं."

हे ऐकून मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. दुखावलेली मान मला माहीत असती तर मी हात लावला नसता, ही एक गोष्ट. शब्द मोडला तो मी मोडलाच, ही दुसरी. पहिलीनं दुसरी पुसली जात नाही, आणि काकीनंही पुसली नाही. ती म्हणाली, "चुकलासच तू. पोराला शब्द दिल्याला, तू मोडलास. पर म्या बी त्याला दारातनं जाऊ दिलं, शेकून शेकून. बावीस वर्सं म्या तुझ्या दाराकडं बघायची न्हाई. मला वाटायचं, हा इचारंल, काकी, तुला ठावं हुतं आन् तू बोलली न्हाईस?"

म्हणजे मी खाली बघत होतो तेव्हा तीही खाली बघत होती. एवढी वर्षं आम्ही एकमेकांना घाबरत होतो.

मग ती ज्यासाठी आली होती ते तिनं विचारलं. ती रामेश्वरासाठी बसमध्ये बसलीच नव्हती. "पडल्यावर तू जवळ हुतास. पुढं दवाखान्यात तो बोललाच न्हाई. लोक सांगत्यात, वरडत हुता. कोण सांगतंय, आई आई म्हणत हुता. तू सांग. काय म्हणाला?"

मी सांगितलं. विलास ओरडला नाही. त्याला दुखतही नव्हतं, त्याला काही कळतच नव्हतं अंगाचं. तो आभाळाकडे बघत होता आणि त्यानं मला विचारलं, "सुटली का रं?" म्हणजे कुस्ती सुटली का. मी म्हणालो, सुटली. त्यानं विचारलं, "बरोबरीत?" मी म्हणालो, बरोबरीत. तेव्हा तो म्हणाला, "मग झालं की." त्यानंतर तो बोलला नाही.

काकीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडते आहे. रडत होतीच, पण हसतही होती. "हरलाय हे त्याला ठावं न्हाई म्हण की!" ती म्हणाली. "चितपट होऊन पडलाय आन् बरोबरीत सुटलो म्हणून गेलाय. बरं केलंस. एवढं खोटं बोललास ते बरं केलंस." मग ती उठली आणि सुनंदाला हाक मारून म्हणाली, "वाढ गं मला. सकाळपास्नं उपाशी हाय."

ती तीन भाकऱ्या जेवली. मी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, गुडघं दुखत्यात, रामेश्वर माझ्या वतीनं तुम्हीच करा, परत जाताना मला घ्या. यात्रेच्या माणसानं कपाळाला हात लावला. ती पाच दिवस आमच्याकडे राहिली. रोज दहा वाजता सीताबाई खाली यायच्या आणि दोघी ओसरीवर बसायच्या. सीताबाई म्हणायच्या, "तुमचें बोलणें मला थोडें थोडें कळतें." काकी मला म्हणायची, "ही बाई पोथीतलं बोलती. पर मान हालवली की समदं कळतंय." तिसऱ्या दिवशी काकी तांदळाच्या डोशाला शिव्या देता देता चार डोसे खायला लागली. सीताबाईंनी तिला मोठ्या देवळात नेलं. दोघी दोन तासांनी परत आल्या. नंदी बघून काकी म्हणाली, "येवढा बैल कुणाच्या गोठ्यात मावायचा?"

गायत्रीला माझा कान कसा मोडला ते काकीनंच सांगितलं. "झाडावरनं? ह्यो? ह्यो झाड उचलायचा!" गायत्री माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अप्पा, निजमा? खरंच?" मी खरंच म्हणालो. त्या संध्याकाळी मी तिला आणि सुनंदाला एकत्र बसवून सगळं सांगितलं, ठरलेलंही. सुनंदा म्हणाली, "म्हणून यात्रेचा विषय काढला की तुम्ही दुकानात जायचा." दुसऱ्या दिवशी गायत्री काकीजवळ बसून विलासची चौकशी करत होती, तो कसा दिसायचा, काय खायचा. काकी सांगत होती. बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. गावात विलासचं नाव निघालं की फक्त शेवटाचं बोललं जातं.

जायच्या दिवशी काकी मला म्हणाली, "गावाला सांग. म्या जिती हाय तवर सांग." म्हणून हे लिहितो आहे. वाचून दाखवायचं ते देवळासमोर दाखवा. कुस्ती ठरलेली होती. ठरवली दोघांनी, मोडली एकट्या मी. उसाच्या ट्रॉलीवरून जो माणूस ओरडला तो खरं बोलत होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. त्याला एवढी वर्षं जे ऐकवलं गेलं ते माझ्या गप्प राहण्यामुळे. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आता कशाला रं उकरतोस?" मग म्हणाला, "पर बरं झालं सांगितलंस. माझी बायको बी मला म्हणायची, तुझ्या तोंडानं पोरगं गेलं."

मला इथे हलकं वाटतं आहे. काट्यासमोर बसलो की श्वास आपोआप नीट सुटतो. दुःख गेलं असं मी म्हणत नाही. विलास आज सेहेचाळीसचा असता आणि बहुतेक माझ्यापेक्षा जाड असता. तो नाही, हे तसंच आहे. पण ते आता एकट्यानं धरून ठेवावं लागत नाही.

बाहेर गेलेली आपली माणसं एकमेकांना विचारतात, घर कुठलं मानतोस, गावाकडचं की इथलं? पूर्वी मी किलोमीटर सांगून विषय टाळायचो. आता मी वेगळ्या रीतीनं मोजतो. जिथल्या माणसाला माझ्याबद्दलचं सगळं खरं माहीत आहे आणि तरीही जो मला जेवायला वाढतो, ते माझं घर. असं मोजलं तर बावीस वर्षं माझ्याकडे एकही घर नव्हतं, दोन्हीकडे छप्पर असून. आज दोन आहेत, एक इथलं आणि एक हौसाकाकीचं. हे वाचून झाल्यावर गावात आणखी किती उरतात ते तुम्ही ठरवा. एकही वाढलं नाही तरी माझी तक्रार नाही. चैत्रात आम्ही तिघं येतो आहोत. उतरायचं काकीकडेच ठरलं आहे.